मापे चार, अर्थ एक : सी भाषेतल्या ‘डिव्ह’ची समीक्षा



सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीवर बोलायचं म्हटलं की लोक प्रिंटएफवर बोलतात, मॅलॉकवर भांडतात आणि स्ट्रिंगच्या फंक्शनांना शिव्या घालतात. आज आम्ही ज्या फंक्शनबद्दल बोलणार आहोत, त्याला कुणी शिवीही देत नाही. तुमच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे सी लिहिलं असेल. पण ‘डिव्ह’ हे फंक्शन किती वेळा वापरलंत? आम्ही स्वतः मोजून दोन वेळा. त्यातल्या एका वेळी तोंडावर आपटलो. ती हकिकत पुढे येईलच.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. ‘डिव्ह’ला दोन पूर्णांक द्यायचे, भाज्य आणि भाजक. ते एक छोटं स्ट्रक्चर परत करतं, त्यात दोन खाने: एकात भागाकार, एकात बाकी. खान्यांची नावं ‘क्वॉट’ आणि ‘रेम’. त्याची भावंडं तीन. लाँगसाठी ‘एलडिव्ह’, लाँग लाँगसाठी ‘एलएलडिव्ह’ आणि त्या यंत्रावरच्या सर्वांत रुंद पूर्णांकासाठी ‘आयमॅक्सडिव्ह’. पहिली दोन १९८९च्या अमेरिकन मानकात आली, पुढची दोन १९९९च्या मानकात. एवढंच कुटुंब.

आता कुणी म्हणेल, भागाकारासाठी फंक्शन कशाला? भाषेत भागाकाराचं चिन्ह आहे, बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह आहे. बरोबर. हा प्रश्न विचारल्याशिवाय या फंक्शनची समीक्षा होऊच शकत नाही. आणि त्याचं उत्तर दहा वर्षांपुरतं फार चांगलं होतं.

शाळेत आपण ताळा करायला शिकलो: भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. आणि बाई वर बजावायच्या, बाकी भाजकापेक्षा लहान हवी. धन संख्यांसाठी या दोन अटी पुरतात, उत्तर एकच निघतं. ऋण संख्या आली की पुरत नाहीत. उणे ७ ला २ ने भागा. भागाकार उणे ३ आणि बाकी उणे १ म्हणालात, तर ताळा जमतो. भागाकार उणे ४ आणि बाकी १ म्हणालात, तरीही जमतो. पहिल्या रीतीत अपूर्णांक छाटून शून्याच्या दिशेने सरकलो. दुसऱ्या रीतीत संख्यारेषेवर नेहमी डावीकडे, खालच्या पूर्णांकाकडे सरकलो. गणित दोन्हींना हरकत घेत नाही. हरकत घेतो तो पुढचा वापर.

१९८९च्या मानकाने काय केलं? चिन्हांच्या बाबतीत हात वर केले. दोहोंपैकी एक जरी संख्या ऋण असेल तर कुठल्या बाजूला सरकायचं ते कंपायलर बनवणाऱ्याने ठरवावं, बाकीचं चिन्हही त्यानेच ठरवावं. कारण होतं वेगाचं. ज्या यंत्राची भागाकाराची सूचना ज्या रीतीने चालते, ती तशीच वापरता यावी. प्रत्येक भागाकारामागे तपासणीचा भार नको. सीचा पिंडच तो. पण मग ज्याला सगळीकडे सारखंच उत्तर हवं, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी ‘डिव्ह’. मानकाने सांगितलं, चिन्ह काहीही करो, हे फंक्शन मात्र शून्याकडेच छाटेल, फोर्ट्रानसारखं. शिवाय भागाकार आणि बाकी एकाच फेरीत देणारी यंत्रं होतीच, त्यांचाही फायदा घेता येईल.

म्हणजे बघा, ‘डिव्ह’ ही सोय नव्हती, ते वचन होतं. भाषा जिथे बोलायला तयार नव्हती, तिथे लायब्ररीने शब्द दिला. या भूमिकेत आम्हाला ते फंक्शन आवडतं. चिन्ह हवं तर वेग घ्या, फंक्शन हवं तर खात्री घ्या. अशी स्वच्छ वाटणी सीमध्ये फार ठिकाणी सापडत नाही.

आता हे वचन पाळलं कसं गेलं, त्याची गंमत ऐका. बर्कलीच्या युनिक्समध्ये आणि जीएनयूच्या सी लायब्ररीत बरीच वर्षे ‘डिव्ह’चा जो मजकूर होता, तो जवळजवळ एकच. आधी साध्या चिन्हांनी भागाकार आणि बाकी काढायची. मग वर लांबलचक टिप्पणी: यंत्र कुठल्याही बाजूला सरकू शकतं, आपल्याला शून्याकडेच हवं, म्हणून दुरुस्ती. दुरुस्ती अशी की भाज्य शून्य किंवा धन असून बाकी ऋण आली, तर भागाकारात १ मिळवा आणि बाकीतून भाजक वजा करा.

खाली सरकणाऱ्या यंत्रावर तपासून पाहू. ७ भागिले उणे २. यंत्र देईल उणे ४, बाकी उणे १. भाज्य धन, बाकी ऋण, दुरुस्ती लागू. भागाकार उणे ३, बाकी १. शाबास. आता चिन्हं उलटी करा. उणे ७ भागिले २. यंत्र देईल उणे ४, बाकी १. भाज्य ऋण आहे. अटीत बसत नाही. दुरुस्ती होतच नाही! चुकीचं उत्तर तसंच बाहेर. म्हणजे ज्या एका कामासाठी हे फंक्शन जन्माला आलं, ते काम त्यातल्या निम्म्या प्रकारांत होतच नव्हतं, आणि तेही जास्त नेहमीच्या निम्म्यात. कारण ऋण भाजकाने भागायची वेळ रोज येत नाही, ऋण भाज्य मात्र रोज भेटतं.

मग कुणाच्या लक्षात का आलं नाही? आम्हाला दिसतं ते असं. ही लायब्ररी ज्या यंत्रांवर चालत होती, त्यांचे प्रोसेसर आधीपासूनच शून्याकडे छाटत होते. दुरुस्तीची ओळ कधी चाललीच नाही. जी ओळ चालत नाही तिची चूक दिसत नाही. आम्ही इथे लिहिणाऱ्याला दोष देत नाही. कुणाला न लागणारं वचन कुणी तपासून घेत नाही, एवढंच.

१९९९ला मानक समितीने हेच मान्य केलं. सी ९९मध्ये चिन्हांनाच सांगितलं, शून्याकडे छाटा. समितीने दिलेली कारणमीमांसा साधी आहे: फोर्ट्रानमध्ये नेहमी असंच होत आलंय, आकडेमोड करणाऱ्या मंडळींना त्याचा भार जड गेलेला नाही, आणि फोर्ट्रानचा मजकूर सीमध्ये आणणं सोपं जाईल. उत्तम निर्णय. कुठल्याही निश्चित अर्थापेक्षा अनिश्चित अर्थ वाईट.

पण त्या दिवशी ‘डिव्ह’चं काम संपलं. चिन्ह जे सांगतं तेच फंक्शन सांगतं. आणि नेमकं त्याच मानकात समितीने काय केलं? त्याला दोन भावंडं आणखी दिली. ‘एलएलडिव्ह’ आणि ‘आयमॅक्सडिव्ह’. हे आम्हाला कळत नाही. म्हणजे कसं झालं ते कळतं: लाँग लाँग हा नवा प्रकार आला, यादीत जे जे लाँगसाठी होतं ते ते त्याच्यासाठीही हवं, म्हणून रांगेत एक खुर्ची वाढवली. पण रांग कशाची आहे हे त्या वेळी कुणी विचारलेलं दिसत नाही.

आमची मुख्य तक्रार इथे आहे. या कुटुंबात चार नावं आहेत. चारही नावं एकच अर्थ चार वेगवेगळ्या मापांत देतात. हवं होतं उलटं.

आता आमची फजिती सांगतो. घरातल्या मंडळींसाठी एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता: शक सांगा, संवत्सराचं नाव मिळेल. संवत्सरं साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत. आपल्याकडची रीत ठाऊक असेलच: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी येईल तो क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावं. शके १९४७ घ्या. १९५९ला ६०ने भागून बाकी ३९, विश्वावसू. ही रीत जशीच्या तशी लिहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण आम्ही शहाणे! आम्हाला यादी शून्यापासून हवी होती. म्हणून म्हटलं, शके १९०९, म्हणजे १९८७चा पाडवा, तिथे प्रभव आहे. तिथून किती वर्षं पुढे ते मोजू आणि ६० ने भागून बाकी घेऊ. भागाकारही हवा होता, कितवं आवर्तन ते दाखवायला. दोन्ही एकदम देणारं फंक्शन लायब्ररीत आहेच. मोठ्या ऐटीत ‘डिव्ह’ लिहिलं.

मुलांची नावं टाकली, सगळं बरोबर. मग वडिलांचं टाकलं. शके १८९०. तिथून उणे १९. ‘डिव्ह’ने सांगितलं: भागाकार शून्य, बाकी उणे १९. यादीतलं उणे एकोणिसावं संवत्सर! सी काही थांबवत नाही. यादीच्या आधी मेमरीत जे पडलं होतं ते त्याने छापलं. वडील म्हणाले, “हे कुठलं रे संवत्सर?” उत्तर कीलक यायला हवं होतं. उणे १९ मध्ये ६० मिळवून ४१, शून्यापासून मोजलेलं ४१ म्हणजे बेचाळिसावं, कीलक. आणि भागाकार उणे १, म्हणजे आधीचं आवर्तन. खाली सरकणारी रीत हेच देते.

हसण्यावारी न्यायला ही घरगुती गोष्ट आहे. पण हाच साचा गंभीर ठिकाणी जसाच्या तसा येतो. युनिक्सची वेळ १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात, ग्रीनिचच्या घड्याळाने. त्याआधीची प्रत्येक वेळ ऋण. कितवा दिवस हे काढायला ८६४०० ने भागायचं. शून्याकडे छाटलं की उणे १ सेकंदसुद्धा शून्याव्या दिवसात पडतं आणि उणे ८६३९९सुद्धा. म्हणजे शून्याव्या दिवसात मागचे ८६३९९ सेकंद आणि पुढचे ८६४०० सेकंद. बाकी सगळे दिवस चोवीस तासांचे, हा एक जवळजवळ अठ्ठेचाळीस तासांचा! आणि वार काढायला गेलात तर? १ जानेवारी १९७०ला गुरुवार होता. रविवार शून्य धरला तर ४. पाच दिवस मागे जा, २७ डिसेंबर १९६९. ४ वजा ५, उणे १. सातने भागून बाकी उणे १. तो दिवस शनिवारचा, उत्तर ६ यायला हवं. १९७०च्या आधी जन्मलेली माणसं म्हणजे काही दुर्मीळ प्रकरण नव्हे. या सभागृहातही बरीच बसलेली आहेत.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. जिथे मोजणी फिरते, घड्याळ, वार, संवत्सर, चक्राकार रांग, पडद्यावरच्या चौकटी, तिथे बाकी ही जागा दाखवते. जागा ऋण असून चालत नाही. आणि शून्य ही भिंत असून चालत नाही. शून्य तिथे केवळ आपण ठोकलेली खुंटी असते. खुंटी हलवली म्हणून वार बदलायला नको.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडतो, कारण शून्याकडे छाटणं हा मूर्खपणा आहे असं आम्ही म्हणत नाही. उधारी छापायची आहे. उणे ७५० पैसे. छाटून येतं उणे ७ रुपये आणि उणे ५० पैसे. चिन्ह पुढे काढलं की झालं, साडेसात रुपये देणं. खाली सरकलात तर येतं उणे ८ रुपये आणि अधिक ५० पैसे. हिशेब खरा आहे, पण असं बिल कुणाला दाखवाल? जिथे संख्या ही रक्कम आहे, जिथे चिन्ह बाजूला ठेवून आकाराचे तुकडे करायचे आहेत, तिथे छाटणंच योग्य. ऋण संख्येचे अंक छापतानाही तेच.

म्हणजे दोन गरजा आहेत, दोन अर्थ आहेत. आणि हे १९८९लाही माहीत होतं. १९८४मध्ये गाय स्टीलचं कॉमन लिस्पवरचं पुस्तक आलं. त्यात पूर्णांकाच्या भागाकाराची चार फंक्शनं आहेत: फ्लोअर, सीलिंग, ट्रंकेट, राउंड. खाली, वर, शून्याकडे, जवळच्या पूर्णांकाकडे. प्रत्येक फंक्शन भागाकार आणि बाकी दोन्ही परत देतं, ‘डिव्ह’सारखंच. तिथेही नावं चारच. फक्त तिथे नावागणिक अर्थ बदलतो आणि सीमध्ये नावागणिक रुंदी. आणि हा स्टील काही सीला परका माणूस नव्हे. सॅम्युअल हार्बिसनबरोबर त्याच सुमारास सीचा संदर्भग्रंथही त्याने लिहिला. एडाच्या १९८३च्या मानकातही ‘रेम’ आणि ‘मॉड’ अशी बाकीची दोन चिन्हं शेजारी शेजारी होती.

सगळ्यांत लागतं ते फोर्ट्रानचं. १९९९ला सीच्या समितीने फोर्ट्रानचा दाखला दिला. पण तोवर फोर्ट्रान पुढे गेलं होतं. फोर्ट्रान ९०मध्ये जुन्या ‘मॉड’च्या शेजारी ‘मॉड्युलो’ बसवलं गेलं, ज्याची बाकी भाजकाचं चिन्ह घेते; संवत्सराला लागते ती बाकी. ज्याच्या घरून वहिवाट आणली, त्या घरात दुसरं भांडं फळीवर होतं. आमच्या मंडळींनी एकच उचललं. पायथनमध्ये ‘डिव्हमॉड’ खाली सरकतं. जावासुद्धा, सीची वहिवाट घेतलेली भाषा, २०१४ला आठव्या आवृत्तीत ‘फ्लोअरडिव्ह’ आणि ‘फ्लोअरमॉड’ देऊन मोकळी झाली.

कडांबद्दल थोडक्यात. भाजक शून्य असेल तर ‘डिव्ह’ काय करतं? काहीही. मानकाच्या भाषेत ते वर्तन अनिर्धारित आहे. समितीचा युक्तिवाद असा, की नंतर चूक तपासण्यापेक्षा आधी शून्य तपासणं तितकंच सोपं. शून्यापुरतं पटतं. पण दुसरी कड आहे ना! ३२ बिटांचा सर्वांत लहान पूर्णांक, उणे २१४७४८३६४८, त्याला उणे १ ने भागा. उत्तर २१४७४८३६४८, सर्वांत मोठा पूर्णांक त्याहून १ने लहान. मावत नाही. हेही अनिर्धारित. इंटेलच्या धाटणीच्या यंत्रावर प्रोग्राम जागीच मरतो. ६४ बिटांच्या आर्मवर तोच लहान पूर्णांक मुकाट परत येतो. ही कड किती जणांना पाठ असते? स्ट्रक्चर परत करतच आहात, तर त्यात तिसरा खाना ठेवून ‘जमलं की नाही’ सांगता आलं असतं. सी २३मध्ये बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार, तिघांसाठी मावलं की नाही ते सांगणारी साधनं आली. भागाकार पुन्हा वगळला.

वेगाचा दावाही आता उरलेला नाही. भागाकाराचं आणि बाकीचं चिन्ह शेजारी लिहा, आजचा कोणताही बरा कंपायलर दोन्हींसाठी एकच सूचना काढतो. उलट ‘डिव्ह’ लिहिलंत तर सहसा खरोखरीची फंक्शनची हाक जाते, दोन खाने बांधा, परत सोडा. आणि बिनचिन्ही पूर्णांकांसाठी तर या कुटुंबात कुणी नाहीच.

वेळ संपत आलाय, दोन प्रश्न घेतो.

पहिली चिठ्ठी: “मग संवत्सराचा प्रोग्राम शेवटी कसा सुधारलात?” चिन्हांनीच. भागाकार आणि बाकी काढायची. बाकी शून्य नसेल आणि तिचं चिन्ह भाजकाच्या चिन्हाहून वेगळं असेल, तर भागाकारातून १ वजा आणि बाकीत भाजक मिळवायचा. तीन ओळी. लक्षात घ्या, अट बाकी आणि भाजक यांची चिन्हं जुळवून पाहते, भाज्याकडे बघतच नाही. बर्कलीच्या दुरुस्तीत भाज्य धन असण्याची अट घातली आणि तिथेच ती निम्मी राहिली. या तीन ओळी आम्ही तेव्हापासून प्रत्येक कामात नव्याने लिहीत आलो आहोत, तुम्हीही लिहीत असाल, आणि त्यातल्या काही चुकीच्या असतील.

दुसरी: “मग ‘डिव्ह’ काढूनच टाकावं का?” नको. जुना मजकूर त्यावर उभा आहे आणि ते कुणाला टोचत नाही. आमचं मागणं वेगळं आहे. पाचवी रुंदी आली की रांगेत पाचवी खुर्ची मांडू नका. आहे त्या चार रुंदींसाठी खाली सरकणारा भागाकार द्या, कडेची खबर देणारा खाना द्या, आणि नावात ‘फ्लोअर’ स्पष्ट लिहा. ‘डिव्ह’ या नावात कुठला भागाकार ते लिहिलेलंच नाही, म्हणून तर आम्ही त्या दिवशी ऐटीत ते टाइप केलं होतं.